एलनबाईंचं घर आणि आपले माळे : नागपूरच्या नाट्यवेड्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात स्मॉलहाइथ नावाच्या खेड्यात एलन टेरी या अभिनेत्रीचं राहतं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. आपल्याकडे नाट्यमंडळींत या घराचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात. अर्धे प्रश्न त्या घराबद्दल असतात. उरलेले, आणि जास्त कळकळीने विचारलेले, आपापल्या घरातल्या आजी, मावशी, आत्या यांच्या ट्रंकांबद्दल असतात. दोन्हींची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

एलन टेरी कोण? नागपूरकराने त्यांच्या घराची चौकशी का करावी?

जन्म २७ फेब्रुवारी १८४७, कॉव्हेंट्री. घरचं सगळं नाटकवालं. वयाच्या नवव्या वर्षी, १८५६ साली, शेक्सपिअरच्या नाटकात छोट्या राजपुत्राच्या भूमिकेत त्या लंडनच्या रंगमंचावर आल्या आणि मग जवळजवळ सगळं आयुष्य तिथेच गेलं. १८७८ ते १९०२ या काळात लंडनच्या लायसियम थिएटरात हेन्री आयर्विंग यांच्याबरोबर त्यांनी जी कामं केली, त्यांनी त्या काळचं इंग्रजी नाटक घडवलं. ऑफेलिया, पोर्शिया, बिएट्रिस, लेडी मॅकबेथ ही त्यांतली काही. १९२५ साली त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. २१ जुलै १९२८ रोजी स्मॉलहाइथच्या याच घरात त्या गेल्या.

आता आपला संबंध. १८८८ च्या डिसेंबरात एलनबाई लेडी मॅकबेथ म्हणून उभ्या राहिल्या. त्याच वर्षीच्या जूनमध्ये बालगंधर्वांचा जन्म झाला होता. त्या सुमारास आपल्याकडेही शेक्सपिअर जोरात होता : आगरकरांचं ‘विकारविलसित’ १८८३ चं, देवलांचा ‘झुंजारराव’ १८९० चा. फरक असा की तिकडे बाईची भूमिका बाई करत होती आणि आपल्या नाटक मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी पुरुष. स्त्रीभूमिका स्त्रीनेच करायची हा शिरस्ता इथे रुजायला १९३३ चं ‘आंधळ्यांची शाळा’ आणि ज्योत्स्ना भोळे यांच्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. १९५४ साली शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मध्ये दुर्गा खोटे यांनी मराठीतली लेडी मॅकबेथ उभी केली. म्हणजे आपल्या रंगभूमीवरच्या बायकांचा इतिहास तसा जवळचा आहे. त्यांची घरं, साड्या, पत्रं अजून कुणाच्या तरी कपाटात आहेत. म्हणून ही चौकशी करायची, आणि आत्ताच करायची.

घर कसं आहे? मोठा बंगला असेल ना?

नाही. बंगला मनात धरून गेलेला माणूस दारातच थबकेल. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचं, लाकडी सांगाड्याचं, खाली बुटकी दारं आणि वर उताराला लागलेली फळ्यांची जमीन असलेलं हे शेतावरचं घर आहे. पूर्वी तिथे नदीकाठचं बंदर होतं, जहाजं बांधली जायची. नदी गाळाने भरत गेली, पाणी दूर सरलं आणि आता सभोवती गवताची कुरणं आहेत.

एलनबाईंनी ते आयर्विंग यांच्याबरोबर घोडागाडीतून फिरताना पहिल्यांदा पाहिलं. ‘विकायला निघालं तर कळवा’ असं तिथल्या माणसाला सांगून ठेवलं आणि काही वर्षांनी खरंच तसं पोस्टकार्ड आलं, अशी आठवण सांगितली जाते. १८९९ साली घर त्यांचं झालं. लंडनच्या प्रयोगांतून आणि दौऱ्यांतून सुटका झाली की त्या इथे यायच्या. गुलाबाची बाग, फळझाडं, बाजूला धान्याचं कोठार. नाटकातल्या बाईने राणीसारखं राहण्यासाठी घेतलेली ही वास्तू नव्हती, पाय टेकवण्यासाठी घेतलेली होती. संग्रहालयातही तेच जपलंय, याचं मला फार मोल वाटतं.

त्याचं संग्रहालय कोणी केलं? सरकारने?

मुलीने. ईडिथ क्रेग, एलनबाईंची थोरली. स्वतः नाट्यदिग्दर्शक, वेशभूषाकार, स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतली कार्यकर्ती. आई गेली १९२८ च्या जुलैत. ईडिथने १९२९ साली घर लोकांसाठी उघडलं. या सगळ्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील हाच : वर्षभराच्या आत.

वर्षभरात काय होतं, ते आपल्याला घरोघरी ठाऊक आहे. तेरावं होतं, मग वर्षश्राद्धाच्या आत माळा साफ करायला काढतात. ‘हे कशाला ठेवायचं’ म्हणत मेकअपची पेटी जाते, मग नकलांच्या, म्हणजे भूमिकेचे संवाद उतरवलेल्या, वह्या रद्दीत जातात, जरीच्या साड्या जर काढण्यासाठी जातात. कुणाच्या मनात वाईट नसतं. घर लहान असतं, माणसं थकलेली असतात. ईडिथने या वाटपाच्या आधीच ठरवून टाकलं की आईच्या वस्तू एकत्र राहतील आणि त्याच घरात राहतील.

पण तिला पैशांची चणचण कायम होती. देणग्या मागणं, वर्गणीदार मिळवणं, प्रयोग लावणं हे सगळं ती करत राहिली. १९३९ पासून नॅशनल ट्रस्टचं पाठबळ मिळालं, आणि १९४७ साली ती गेल्यावर सारा कारभार ट्रस्टकडे आला. नॅशनल ट्रस्ट ही १८९५ साली स्थापन झालेली वारसा जपणारी धर्मादाय संस्था आहे, सरकारी खातं नाही. थोडक्यात, आधी एका मुलीने जवळपास वीस वर्षं घर सांभाळलं, संस्था मागाहून आली. ‘सरकार काही करत नाही’ म्हणून हात झटकणाऱ्यांना मी हा क्रम आवर्जून सांगते.

आत काय काय बघायला मिळतं?

भूमिकांचे पोशाख, रंगपटातलं सामान, दागिने, नाटकांच्या जाहिराती, चित्रं, छायाचित्रं, मानपत्रं. ऑस्कर वाइल्डने आपल्या पहिल्या नाटकाची प्रत स्वीकारावी म्हणून लिहिलेलं पत्रही आहे. वरच्या मजल्यावर त्यांची निजायची खोली.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाची आहेत ती त्यांची पुस्तकं. शेक्सपिअरच्या नाटकांच्या प्रतींत समासात त्यांनी हाताने टिपणं केलेली आहेत. उतारवयात त्या शेक्सपिअरच्या नायिकांवर व्याख्यानं देत इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियात फिरल्या, त्या व्याख्यानांचं मूळ या समासांत आहे. आपल्याकडच्या नकलेत जशा श्वासाच्या, थांब्याच्या, ‘इथे टाळी येते’ अशा खुणा सापडतात, त्याच जातीची ही टिपणं आहेत. नट विचार कसा करतो हे पोशाखातून कळत नाही, अशा खुणांतून कळतं.

भुंगेऱ्यांच्या पंखांचा पोशाख म्हणतात, तो खरा आहे का?

खरा आहे, आणि त्याच्यासाठीच लोक लांबून येतात. लेडी मॅकबेथसाठी ॲलिस कॉमिन्स कार यांनी हा पोशाख योजला आणि एडा नेटलशिप यांनी शिवला. हिरवी लोकर आणि निळसर चमकीचा धागा एकत्र विणून बनवलेला, चिलखतासारखाही वाटावा आणि सापाच्या कातेसारखाही. त्यावर भुंगेऱ्यांच्या पाठीवरची सुमारे १००० चकचकीत हिरवी कवचं टाचलेली आहेत. पंख म्हणतात, पण ते खरं तर पंखांवरचं कडक आवरण. भुंगेऱ्यांच्या कवचांचं भरतकाम ही मुळात आपल्या देशातली जुनी कारागिरी. हिंदुस्थानात मलमलीवर असं काम व्हायचं आणि विलायतेत त्याला मागणी होती.

चित्रकार जॉन सिंगर सार्जंट यांनी या पोशाखातल्या एलनबाई रंगवल्या, दोन्ही हातांनी डोक्यावर मुकुट धरलेल्या. तो प्रसंग नाटकात कुठेच नाही, तो चित्रकाराने मांडला. ते चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.

पोशाख प्रयोगांत आणि दौऱ्यांत भरपूर वापरला गेला, त्यामुळे वीण लोंबून फाटली, कवचं तुटली, गळली. त्याच्या डागडुजीला तज्ज्ञांचे सुमारे १३०० तास लागले. २०११ साली तो पुन्हा घरात मांडला गेला. तुटक्या कवचांच्या जागी नवी लावून मोकळं होता आलं असतं. तसं केलं नाही. गळलेली मूळ कवचं जपून ठेवलेली होती, ती परत लावली. तुटकी होती ती एकेक करून जपानी पातळ कागदाच्या तुकड्यावर, गव्हाच्या खळीने सांधली. ‘जुनी साडी पॉलिशला देऊन नवीकोरी करून घेऊ का’ असं विचारणाऱ्यांनी इथे थोडं थांबावं. वापराच्या खुणा पुसल्या की ती साडी नाटकातली उरत नाही.

त्यांचं खासगी आयुष्य वादळी होतं ना? ते घरात सांगतात की झाकतात?

सांगतात. सोळा-सतरा वर्षांच्या असताना त्यांचं लग्न वयाने तिप्पट मोठ्या चित्रकाराशी झालं आणि ते वर्षभरही टिकलं नाही. पुढे वास्तुकार एडवर्ड गॉडविन यांच्याबरोबर त्या लग्नाविना राहिल्या. ईडिथ आणि पुढे नेपथ्याच्या विचारात क्रांती करणारा एडवर्ड गॉर्डन क्रेग ही त्यांचीच मुलं. त्यानंतर आणखी दोन लग्नं झाली. राणी व्हिक्टोरियाच्या काळात यातलं काहीच ‘सभ्य’ नव्हतं. ईडिथ स्वतः शेजारच्या घरात ख्रिस्टोफर सेंट जॉन आणि टोनी ॲटवुड या दोन मैत्रिणींबरोबर आयुष्यभराची सोबत म्हणून राहिली. तेही आज तिथे संकोच न करता सांगितलं जातं.

आपल्याकडे हा प्रश्न अवघड आहे, हे मी हलकं करून सांगणार नाही. नाटकात, तमाशात, दंडारीसारख्या लोकनाट्यात काम करणाऱ्या कित्येक बायकांना गावाने टाळ्या दिल्या आणि उंबरा नाकारला. त्यांच्या नातवंडांनी गप्प राहायचं ठरवलं असेल तर त्यांना दोष देता येत नाही. माझं मत एवढंच : जे त्या बाईंनी स्वतः मिटून ठेवलं, ते उघडू नये. पण जे होतं त्याच्या जागी खोटं काही लिहू नये. ‘पती’ नसलेल्या माणसाला पाटीवर पती करू नये. एखादा रकाना रिकामा ठेवता येतो, त्यात काही कमीपणा नाही.

तिथे नाटकं होतात असं ऐकलं.

होतात. घराशेजारच्या गवताने शाकारलेल्या कोठाराचं ईडिथने १९२९ सालीच छोटं थिएटर केलं. आईच्या स्मृतिदिनाला तिथे शेक्सपिअर करायचा, असा पायंडा पाडला. जॉन गिलगुड, जे एलनबाईंच्या भाचीचे चिरंजीव, पेगी ॲशक्रॉफ्ट, सिबिल थॉर्नडाइक यांच्यासारखे नामवंत त्या कोठारात उभे राहिले. आजही तिथे प्रयोग लागतात.

हे थिएटर नसतं तर घर इतकी वर्षं तगलं असतं का, मला शंका आहे. काचेच्या कपाटातला पोशाख माणूस एकदा बघतो. प्रयोगाला तो दरवर्षी येतो, सोबत मुलांना आणतो, आणि मध्यंतरात सहज घरात डोकावतो. नटीच्या घरात तिसरी घंटा वाजत राहिली पाहिजे.

नागपूरहून जायचं तर कसं?

मुंबई किंवा दिल्लीहून लंडन. लंडनहून रेल्वेने केंटमधल्या हेडकॉर्नला साधारण तासाभरात, पुढे रस्त्याने टेंटरडेन, आणि तिथून स्मॉलहाइथ तीनेक किलोमीटर. घर बारा महिने उघडं नसतं. थंडीत साधारण बंद असतं आणि दिवस-वेळा बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावर बघा. जिने अरुंद आणि जमीन उताराची, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी वरच्या मजल्याचा विचार करून ठेवावा.

सगळी कागदपत्रंही घरातच ठेवली आहेत का?

नाही, आणि हा शहाणपणा शिकण्यासारखा आहे. एलनबाई आणि ईडिथ यांची पत्रं, हिशेब, टिपणं मिळून २० हजारांहून जास्त कागद आहेत. त्यांची सूची झाली आहे आणि ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवले आहेत. जुन्या लाकडी घराची दमट हवा कागदाला मानवत नाही. मालकी ट्रस्टची, सांभाळ ग्रंथालयाचा. आपल्याकडे ‘बाहेर दिलं की गेलं’ ही धास्ती असते, पण लेखी करार करून, यादीवर दोघांच्या सह्या घेऊन ठेव म्हणून देता येतं.

आमची आजी झाडीपट्टीत कामं करायची. ती काही एलन टेरी नव्हे. तिच्या घराला कोण विचारणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त लागतो.

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर धान निघालं की गावोगाव मांडव पडतात, शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, भरतो आणि रात्रभर नाटक चालतं. वडशाला मंडळ्यांची कार्यालयं लागलेली असतात. नागपुरातून कित्येक नट्या हंगामभर तिकडे जातात, रोज नवं गाव, पहाटे गाडीत झोप. हजारो माणसांसमोर उभी राहिलेली ही बाई कुठल्याच नाट्यकोशात नसते. २०१९ चं ९९ वं नाट्यसंमेलन नागपुरात झालं तेव्हा झाडीपट्टीबद्दल कौतुकाने बोललं गेलं, २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. पण वस्तू, वह्या, आवाज कुठे जमा होत आहेत? एलनबाईंची चित्रं मोठ्या चित्रकारांनी काढली होती, त्यांचं घर नसतं तरी त्या विसरल्या गेल्या नसत्या. तुमच्या आजींचं तसं नाही. तिची ट्रंक गेली की ती नाटकात होती याचा पुरावाच जातो. म्हणून जपण्याची गरज तिथे जास्त आहे.

आणि अख्खं घरच हवं असं नाही. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टंकलेखन यंत्र अशा रोजच्या वापरातल्या वस्तू वामनराव गोडबोले यांनी जिवापाड जमवल्या, म्हणून आज आपण त्या पाहू शकतो. एका माणसाने ठरवलं की एवढं होतं. एक खोली, एक कपाट, वाचनालयाचा एक कोपरा, इथूनही सुरुवात होते.

नाटकातल्या साड्या, शालू कसे ठेवायचे? आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतं.

उन्हाळा कोरडा, पावसाळा दमट, असे दोन्ही मार आपल्या शहरात कापडाला बसतात. त्यात तिसरा आपण घालतो तो कूलरचा. ज्या खोलीत कूलर चालतो तिथे साड्यांचं कपाट ठेवू नका. दिवसभराचा ओलावा कपाटात शिरतो, जर काळी पडते, बुरशी धरते. सगळ्यात वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची खोलीही नको. मधली, सावलीची, बाहेरच्या भिंतीला न टेकलेली जागा निवडा.

प्लॅस्टिकची पिशवी काढून टाका. धुऊन खळ काढलेल्या पांढऱ्या मांजरपाटात किंवा मलमलीत गुंडाळा. जरीची साडी घडी करून ठेवण्यापेक्षा कापड लावलेल्या नळीवर सैल गुंडाळलेली बरी. घडीच असेल तर वर्षातून दोन-तीनदा घडीच्या रेघा बदला. डांबरगोळ्या कापडाला आणि जरीला लागू देऊ नका. हँगरला टांगू नका, जुनं रेशीम स्वतःच्या वजनाने फाटतं. मांडून ठेवायची असेल तर ऊन आणि ट्यूबलाइट थेट नको : संग्रहालयात कापडावर ५० लक्सच्या आसपास, म्हणजे आपल्याला अंधूक वाटावा इतकाच उजेड ठेवतात.

संत्र्याच्या खोक्यात काहीच ठेवू नका. ते लाकूड वाळवीला आमंत्रण असतं.

फोटो, नकला, कॅसेटी?

फोटोला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सहज निघत असतील तर काढा, ओढून मात्र नको. मागे मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहा : कोण, कुठलं नाटक, कुठलं गाव, साधारण कधी. नकलांची पानं एकेक करून मोबाइलने खिडकीच्या उजेडात टिपली तरी चालेल, पण मूळ वही टाकू नका. त्यावरच्या तेलाच्या डागांपासून ते खाडाखोडीपर्यंत सगळं कामाचं आहे. कॅसेटी आणि स्पूल आधी डिजिटल करून घ्या, कारण त्या वाजवणारी यंत्रंच संपत चालली आहेत. लाखेच्या जुन्या तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचल्या तर उन्हाळ्यात वाकतात.

घर वारसा यादीत घालता येईल का?

नागपुरात वारसा संवर्धन समिती आहे आणि शहराच्या यादीत वास्तूंना श्रेणी दिलेल्या आहेत. महाल, इतवारीतला जुना वाडा असेल तर विचारणा जरूर करा. यादीत आल्यावर पाडकाम आणि बदलांना परवानगी लागते, हे आधी सगळ्या भावंडांना सांगा. नाहीतर पुढे घरात तेढ येते.

घर विकायचंच ठरलंय. बिल्डर पुढच्या महिन्यात ताबा घेणार. आता काय उरतं?

बरंच. घर रिकामं करण्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो घ्या, वस्तू जागेवर असताना. आरसा कुठे होता, पेटी कुठे असायची, तालमीला सतरंजी कुठे पडायची ते दिसू द्या. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला खुर्चीवर बसवून एकेक वस्तू हातात द्या आणि मोबाइलवर आवाज चालू ठेवा. प्रश्न साधे विचारा : हे कुणी दिलं, कुठल्या प्रयोगाला घातलं, त्या रात्री काय झालं. मध्ये दुरुस्त्या करू नका, तारखांची खातरजमा नंतर होते.

वस्तूंना क्रमांक द्या, वहीत यादी करा, आणि वाटप करायचंच असेल तर कुठली वस्तू कुणाकडे गेली ते त्याच वहीत लिहा. वहीच्या तीन प्रती काढा. एक घरात, एक बाहेरगावच्या नातेवाइकाकडे, एक जवळच्या वाचनालयात किंवा नाट्यसंस्थेत. उद्या कुणी संग्रहालय करायला उभं राहिलं, तर त्याला पहिल्यांदा लागेल ती हीच वही.